काठाचं पाणी

चवथीच्या आधीच्या रविवारी मी स्टुलावर चढून हॉलमधला पंखा पुसत होते. जुन्या उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा आणि टोकाकडे ओढून घ्यायचा, म्हणजे घाण खाली न सांडता अभ्र्यातच राहते. ही आईची युक्ती. गोव्यात, आमच्या फोंड्याच्या दमट हवेत धूळ कोरडी राहतच नाही. पात्यावर तिचा काळपट, मऊ थर होतो, नखाने खरवडला तर त्याची वळकटी निघते. स्टूल धरून उभी असलेली माझी लेक वर बघत म्हणाली, "आई, हा पंखा मे महिन्यापासून रात्रंदिवस फिरतोय. एवढ्या वेगात फिरणाऱ्या वस्तूवर धूळ बसतेच कशी?"

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. हा प्रश्न दरवर्षी वर्गात मीच विचारते आणि उत्तर फळ्यावर काढून दाखवते. पण त्या दिवशी प्रश्न तिच्याकडून आला आणि धुळीचा तो थर प्रत्यक्ष माझ्या बोटावर होता. मला फळा आठवला नाही. मला मामाची होडी आठवली.

आधी पंख्याचं सांगते. घरातला साधा १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेतो, तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २२ मीटर धावत असतं. म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. स्कूटरवरून त्या वेगाने गेलं तर डोळे उघडे ठेवता येत नाहीत, डोक्यावरची ओढणी उडून जाते. आणि त्याच वाऱ्यात धुळीचा एक कण पात्याला धरून चार महिने बसून राहतो. त्याला वारा लागत नाही, हे याचं मोठं कारण आहे. पात्याला अगदी लगटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्यावर बसून पाहिलं तर ती हवा जागची हलतच नाही. तिच्यावरचा थर किंचित सरकतो, त्याच्यावरचा थोडा जास्त, आणि असं करत करत काही मिलिमीटर दूर गेल्यावर खरा वारा सुरू होतो. धुळीचा कण त्या मिलिमीटरच्या कितीतरी आत असतो.

पेजेचं पातेलं घासताना हेच होतं. नळ पूर्ण सोडला, धार जोरात पातेल्यावर घेतली, तरी तळाशी वाळलेला पेजेचा पापुद्रा हलत नाही. धारेला जोर नसतो असं नाही, पण पातेल्याला टेकलेलं पाणी थांबलेलं असतं. म्हणून काथ्या लागतो, बोटं लागतात. पाण्याला जिथे जाता येत नाही तिथे हात घालावा लागतो.

एवढी साधी गोष्ट, पण ती मान्य व्हायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. वाहत्या द्रवांची समीकरणं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली गेली. फ्रान्समध्ये नाविएने १८२२ मध्ये, मग इंग्लंडमध्ये स्टोक्सने १८४५ मध्ये. पण पाणी भिंतीला टेकतं तिथे नेमकं काय होतं, ते चिकटतं की थोडं घसरतं, यावर वाद चालू राहिला. नाविएने तर घसरणीची जागा समीकरणातच धरून ठेवली होती. पुढे १९०४ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांटल नावाच्या २९ वर्षांच्या प्राध्यापकाने जेमतेम आठ पानांचा निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं की हवा किंवा पाणी कितीही सहज वाहणारं असो, पृष्ठभागाजवळ एक पातळ थर असतो जिथे सगळी ओढाताण चालते. त्या थराच्या बाहेर पाणी जणू कुणाला चिकटतच नाही असं धरून हिशेब करता येतो, थराच्या आत तसं धरता येत नाही. विमानाच्या पंखापासून पंख्याच्या पात्यापर्यंत सगळं गणित त्या थरावर उभं राहिलं. मराठीत त्याला सीमास्तर म्हणतात. शब्द चांगला आहे. पण माझ्या मनात त्याचं नाव काठ असंच आहे, कारण मला तो आधी काठावर भेटला.

माझं आजोळ दुर्भाटचं. फोंड्याहून खाली उतरलं की जुवारी नदी, आणि नदीला लागून खाजनं. खाजन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भरतीचं खारं पाणी जिथे पसरत असे अशा सखल जमिनीभोवती चिखलाचे बांध घालून आमच्या पूर्वजांनी ती शेतीखाली आणली. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्था, हे बांध राखत असत. गोव्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन आहे आणि तिचा बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणजे दिवसातून दोनदा नदी शेतापेक्षा उंच होते आणि मध्ये फक्त बांध असतो.

मामाकडे एक लहान होडी होती. शाळेला सुट्टी पडली की तो मला तिच्यात बसवून वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या खाजनात घेऊन जायचा. ओहोटी चालू असली तर पाणी समुद्राकडे धावत असायचं आणि आम्हाला उलट जायचं असायचं. तेव्हा मामा होडी कांदळांच्या मुळांना घासेल इतक्या काठाने न्यायचा. फांद्या डोक्याला लागायच्या, डास चावायचे, मुळांवरची कालवं होडीच्या फळीला करकरत घासायची. मी कुरकुर केली की म्हणायचा, "बाय, जाताना काठ, येताना धार." येताना मात्र तो होडी सरळ नदीच्या मध्यावर घ्यायचा आणि वल्हं मांडीवर आडवं ठेवून विडी पेटवायचा. होडी आपोआप घरी यायची.

मला वाटायचं, काठाने जातो ते मगरीच्या भीतीने. जुवारीत आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. दुर्भाट-बोरी भागात पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात, तिला मांगे थापणी म्हणतात, आणि बांध राख अशी तिची विनवणी करतात. मामाला मगरीचं भय होतंच. पण काठाने जाण्याचं कारण ते नव्हतं. काठाचं पाणी सुस्त असतं हे त्याच्या दंडांना माहीत होतं. तळाला पाणी थांबतं, काठाला थांबतं, कांदळाच्या प्रत्येक मुळाला थांबतं, आणि जिथे हे थांबणं दाटीने असतं तिथे सगळा प्रवाहच मंदावतो. नदीने आणलेला गाळ तिथे खाली बसतो. म्हणून कांदळांच्या मुळाशी पाय घातला तर गुडघ्यापर्यंत रुततो आणि चार वावांवर नदीचा तळ घट्ट वाळूचा असतो. हे मी कॉलेजात शिकले तेव्हा मला काही नवं कळल्यासारखं वाटलंच नाही. आपण लहानपणी ज्या अंगणात खेळलो ते कुणीतरी नकाशात दाखवावं, तसं वाटलं.

खाजनाचा जीव मानशीत असतो. मानस म्हणजे बांधातलं दार. चिऱ्यांच्या भिंती, त्यांच्यामध्ये जाड लाकडी फळ्यांची दारं, आणि ती एकाच दिशेला, नदीकडे उघडणारी. ओहोटी लागली, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. पावसाचं साठलेलं पाणी निघून जातं. भरती आली, बाहेरचं पाणी चढलं की तेच दार बाहेरून दाबलं जातं आणि खारं पाणी आत येत नाही. चाक नाही, इंजीन नाही, रात्री उठून दार लावायला माणूस नाही. चंद्र दार लावतो असं आजी सांगायची आणि ते शब्दशः खरं आहे.

त्या दारावर किती जोर येतो याचा हिशेब मी दरवर्षी मुलांकडून करून घेते, कारण उत्तर ऐकून ती चकित होतात. दाराच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा नुसतं दोन सेंटीमीटर चढलं, तरी पाण्यात बुडालेल्या भागावर दर चौरस मीटरला वीस किलोचा भार येतो. एका धडधाकट माणसाने खांदा लावावा तेवढा जोर. फरक हातभर झाला तर तोच भार साडेचारशे किलोच्या घरात जातो. मग ते दार उघडायला चार बैलही पुरायचे नाहीत. आणि हा जोर नदी किती रुंद आहे, तिच्यात किती पाणी आहे यावर अजिबात अवलंबून नसतो, फक्त उंचीच्या फरकावर असतो. दाराच्या पलीकडे अख्खी जुवारी असो की विहिरीएवढा हौद, पातळी तेवढीच असेल तर दाराला ते सारखंच. मुलांना हे पटायला वेळ लागतो. मला स्वतःला ते पूर्ण पटलं ते मानशीच्या दाराला हात लावून उभी राहिले तेव्हा, तोवर नाही.

मानशीपाशी बसूनच मी मामाच्या ग्लासात आणखी एक गोष्ट पाहिली. रात्री ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरतात. त्या मासेमारीच्या हक्काची गावात पावणी होते, म्हणजे लिलाव. एका वर्षी ती मामाने घेतली होती. पहाटे जाळं ओढेपर्यंत वेळ काढायला तो घासलेटच्या स्टोव्हवर चहा करायचा, गाळणं नसायचंच. काचेच्या ग्लासात चहा ओतला की पत्ती खाली बसायची. मग तो साखर घालून कांदळाच्या सोललेल्या काडीने ढवळायचा आणि काडी बाहेर काढायचा. मी ग्लास कंदिलासमोर धरून आत बघायचे. पत्ती आधी गरगर फिरायची, मग चहा शांत होत जाताना एकेक दाणा तळावरून सरकत मध्यभागी यायचा आणि तिथे त्यांचा छोटा ढीग व्हायचा. नेहमी मध्यभागीच. गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते हे मला पाळण्यात बसून माहीत होतं. मग पत्ती बाहेरच्या काचेला का नाही जात? मामाला विचारलं. तो म्हणाला, "तळाला पाणी दमतं, म्हणून." आणि ग्लास माझ्या हातातून घेऊन चहा प्यायला.

हेच कोडं अल्बर्ट आइनस्टाइनने १९२६ मध्ये एका छोट्या लेखात उलगडून दाखवलं होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. कपात फिरणारं पाणी बाहेरच्या बाजूला दाटतं, तिथला दाब वाढतो, आणि तो दाब पाण्याला आत ढकलत राहतो. वरचं पाणी जोरात फिरत असतं, त्यामुळे त्याची बाहेर जाण्याची ओढ आणि आतला ढकला यांची बरोबरी होते. तळाला टेकलेलं पाणी मात्र मंदावलेलं असतं. त्याची बाहेरची ओढ कमी पडते, पण दाब तेवढाच असतो. म्हणून तळाचं पाणी हळूहळू आत सरकतं, मध्यातून वर चढतं, वरून बाहेर जातं, काचेला धरून खाली उतरतं. पत्ती जड, ती तळाच्या पाण्याबरोबर मध्यापर्यंत येते आणि वर चढू शकत नाही. मामाचं 'तळाला पाणी दमतं' हे वाक्य मी वर्गात जसंच्या तसं सांगते. त्याहून बरं वाक्य मला सापडलेलं नाही.

पण आइनस्टाइनचा लेख चहावर नव्हता. नद्या वळणं का घेतात यावर होता. नदी वळते तिथे ती कपातल्या पाण्यासारखीच वागते. वरचं वेगवान पाणी वळणाच्या बाहेरच्या काठावर आदळतं, त्याला धरून खाली उतरतं, तिथली माती खणतं. तळाचं दमलेलं पाणी तीच माती घेऊन आतल्या काठाकडे सरकतं आणि तिथे टाकतं. बाहेरचा काठ खचत जातो, आतला भरत जातो, वळण आणखी वळतं. आमच्या खाजनाला लागून खाडीचा जो फाटा जातो त्याला एक असं वळण आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा बांध दरवर्षी दुरुस्त करावा लागायचा, मेमध्ये बायका-पुरुष रांगेने चिखलाचे गोळे हातोहात देत उभे असायचे. समोरच्या काठावर कुणी बोटसुद्धा लावायचं नाही आणि तिथे नवा चिखल येऊन कांदळं आपोआप उगवायची. गावात त्या बाहेरच्या काठाला खाष्ट म्हणायचे. त्याचा खाष्टपणा चहाच्या ग्लासात दिसत होता.

त्याच बांधाने एका वर्षी दगा दिला. दगा त्याने दिला नाही खरं तर. नदीतून तेव्हा खनिजाच्या बार्जी जायच्या, दिवसाला कितीतरी. बार्ज काठाजवळून जाते तेव्हा काय होतं ते मी बांधावर बसून अनेकदा पाहिलं आहे. लोकांना वाटतं आधी लाट येते. लाट नंतर येते. आधी काठाचं पाणी ओसरतं. बार्ज आणि काठ यांच्या चिंचोळ्या जागेतून पाण्याला घाईने निघावं लागतं, आणि पाणी घाईत असलं की त्याची पातळी आणि दाब उतरतो. डॅनिएल बर्नुलीने १७३८ च्या ग्रंथात मांडलेला हाच तो संबंध. बांधाच्या पायथ्याशी असलेले खेकडे अचानक उघडे पडून पळताना दिसायचे. बांधाचा चिखल पाण्याने चिंब असतो आणि बाहेरच्या पाण्याच्या टेकूवर उभा असतो. तो टेकू घटकाभर निघून जातो, मग बार्जीच्या मागून लाट येऊन थडकते. हे दिवसातून वीस वेळा झालं की बांधाला भेगा पडतात. त्या भेगा मामाने आणि इतरांनी ज्यांच्याकडे बांधदुरुस्तीचं काम होतं त्यांना दोनदा जाऊन दाखवल्या होत्या. पावसाळ्यानंतर बघू असं उत्तर मिळालं होतं. याचा राग मला आजही येतो.

ऑगस्टची अमावास्या होती, उधाणाची भरती, आणि तीन दिवस पाऊस. मी तेव्हा कॉलेजात, सुट्टीला गेले होते. रात्री मामा टॉर्च घेऊन बांधावर चालत होता आणि मी त्याच्या मागे. एका जागी तो थांबला. बांधाच्या आतल्या उतारावर, खेकड्याच्या बिळातून, करंगळीएवढी धार येत होती. पाणी गढूळ होतं. मामाने हात लावून पाहिलं, दोन बोटांमध्ये चोळलं. "स्वच्छ असतं तर झोपलो असतो," तो म्हणाला. गढूळ म्हणजे धार बांधाची माती घेऊन येते आहे. त्याने बाहेरच्या बाजूने, छातीभर पाण्यात उतरून, बिळाचं तोंड चाचपून शोधलं आणि गवत कालवलेल्या चिखलाचे गोळे त्यात ठोकले. मी वरून एकेक गोळा देत होते. "आत्ता मूठ पुरते," तो म्हणाला, "पहाटे टोपली पुरणार नाही."

मुठीचा आणि टोपलीचा तो हिशेब पुढे मला एका सूत्रात भेटला. जर्मनीत हागेनने आणि फ्रान्समध्ये प्वाझयने १८४० च्या आसपास बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजमाप केलं आणि दोघांनाही एकच गोष्ट दिसली. नळीची रुंदी दुप्पट केली तर तेवढ्याच दाबाला पाणी दुप्पट येत नाही, चौपटही नाही, सोळा पट येतं. कारण पुन्हा काठ. बारीक नळीत सगळं पाणी भिंतीच्या जवळच असतं, भिंतीने धरून ठेवलेलं. नळी रुंद झाली की मध्ये असं पाणी तयार होतं ज्याच्यापर्यंत भिंतीचा हात पोचत नाही. भोक चांगलंच मोठं झालं, आत भोवरे पडू लागले की सोळा पटीचा हा हिशेब बराच उतरतो, पण दिशा तीच राहते. धार माती नेते, भोक वाढतं, धार आणखी वाढते.

आम्ही ते बीळ बुजवलं. बांध फुटला तो तिथून शंभर पावलांवर, वळणाच्या खाष्ट काठाला, पहाटे साडेतीनला. आवाज फार मोठा नव्हता. पोटरीएवढ्या उंचीच्या भातावरून पाणी पसरत गेलं आणि टॉर्चच्या उजेडात भाताचे शेंडे सगळे एका दिशेला निजले. खाजनात कोरगूट नावाचं भात लावतात, ते बऱ्यापैकी खार सोसतं. पण मुळं दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात बुडायला लागली की कोरगूटही सोसत नाही. बांध बांधून झाला, त्यानंतरचे पावसाळे जमीन धुण्यात गेले. गोव्यात वर्षाला तीन मीटर पाऊस पडतो, तरी मिठाला निघून जायला घाई नसते. तेही मातीच्या कणाकणाच्या काठाला धरून बसतं. मामी त्या वर्षांत काजूच्या कारखान्यात जाऊ लागली.

घरात, जमिनीवर, हवेतही हेच चालतं, फक्त दिसत नाही. आजोळी संध्याकाळी राजांगणात, म्हणजे घराच्या आतल्या चौकात, तुळशीपुढे दिवा लागायचा. वर बघितलं तर माडांचे शेंडे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने नुसते पिंजत असायचे, आणि खाली ज्योत सरळ. वारा जमिनीला टेकतो तिथे तोही दमतो. आमच्याकडे भात उपणायला बायका उंच तिवईवर उभ्या राहायच्या. हातभर वर गेलं की सूप हलवताना कोंडा दूर उडतो आणि दाणे पायाशी पडतात. अंगणात उभं राहून उपणलं तर दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी पडतात. मे महिन्यात दुपारी कौलांखाली हवा तापते, कौलांच्या फटींतून वर निघून जाते आणि तिच्या जागी राजांगणातून, वसरीतून गार हवा आत ओढली जाते. ही हालचाल इतकी मंद असते की कळत नाही. पण भिंतीला पाठ लावून झोपणारा माणूस घामाघूम होतो आणि खोलीच्या मध्यावर चटई टाकणारा निवांत झोपतो. आजी नेहमी मध्ये झोपायची.

आणि उदबत्ती. देवापुढच्या उदबत्तीचा धूर वीतभर सरळ वर जातो, दोऱ्यासारखा, मग एका जागी थरथरतो आणि विस्कटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मी हेच जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटने काचेच्या नळीत करून दाखवते. मँचेस्टरमध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये रंगाची बारीक रेघ पाण्यात सोडून पाहिली, त्याच धर्तीवर. पाणी हळू सोडलं तर रेघ अखंड राहते, तोटी जरा जास्त उघडली की ती फुटून सगळं पाणी जांभळं होतं. वेग, रुंदी आणि चिकटपणा यांचं एक गुणोत्तर आहे, साध्या नळीत ते सुमारे २३०० च्या पुढे गेलं की रेघ टिकत नाही. पण विस्कटल्यानंतरचा धूर कसा जाईल हे पूर्णपणे कुणालाच सांगता येत नाही. नाविए आणि स्टोक्स यांची समीकरणं नेहमी सुरळीत उत्तर देतात का, एवढंच सिद्ध करणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस २००० सालापासून जाहीर आहे. ते अजून कुणी नेलेलं नाही. आरती चालू असताना माझं लक्ष पुष्कळदा त्या धुराकडे जातं आणि त्यात काही चुकतं असं मला वाटत नाही.

चवथ झाली, विसर्जन झालं, आणि पुढच्या रविवारी लेकीला घेऊन दुर्भाटला गेले. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. होडी मामेभावाच्या मुलाकडे आहे, पण मानशीपाशी जाऊन बसणं मामाने सोडलेलं नाही. ओहोटी संपत आली होती. मानशीची दारं उघडी होती आणि आतलं पाणी मातकट रंगाची जीभ काढून नदीत शिरत होतं. मी त्याला पंख्याच्या धुळीचं सांगितलं. तो हसला, म्हणाला, "हिला काठ दाखवलास काय?"

त्याने लेकीला बांधाच्या टोकाशी नेलं आणि नदीच्या मध्याकडे बोट दाखवलं. तिथे माडाचं एक चुडत, वाळलेली झावळी, तरंगत होतं, समुद्राच्या दिशेला, संथपणे. मग त्याने वाकून बांधावरची कांदळाची एक लांब शेंग उचलली आणि पायाशी, मुळांच्या मध्ये, पाण्यात टाकली. शेंग क्षणभर जागीच उभी राहिली, बुडखा खाली, शेंडा वर. मग ती सरकू लागली. चुडत जात होतं त्याच्या उलट, गावाच्या दिशेने.

"चुडत खाली चाललंय आणि ही वर?" लेक म्हणाली.

मध्यावरच्या पाण्याला अंगातला वेग संपवायला वेळ लागतो. काठाच्या पाण्याकडे वेग नसतोच, म्हणून भरतीचा पहिला ढकला लागला की ते आधी वळतं. हे मी तिला सांगणार होते. पण ती पाण्यापाशी उकिडवी बसली होती आणि मामा तिच्याजवळ काठी टेकून उभा होता, म्हणून थांबले. तिने दुसरी शेंग टाकली, मग तिसरी, प्रत्येक वेळी थोडी दूर. तिसरी कुठेच गेली नाही, जागच्या जागी हळू फिरत राहिली.

दार लागायला अजून अवकाश होता. आम्ही चिऱ्यांवर बसून राहिलो. बाहेरचं पाणी चिऱ्यांच्या एकेका थराने चढत गेलं, मानशीतून निघणारी मातकट जीभ आखूड होत गेली, मग नुसती सुरकुती उरली. मामाने काठी उचलून दाराकडे केली. फळ्या पहिल्यांदा हलल्यासारख्या वाटल्या, परत सैल झाल्या, आणि मग ओलं लाकूड चिऱ्यावर टेकल्याचा आवाज आला.